चोवीस सेंटीमीटरचं वळण

जुलैच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहाला, ठाकुर्लीतल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात गणपतीच्या देखाव्यासाठी अकरा हजार रुपये मंजूर झाले. हजर सहा जण : अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार म्हणून मी, ए विंगचे दोन सभासद आणि बी विंगमधल्या एक वहिनी. चहा घेऊन आलेला वॉचमन पूर्ण वेळ दारात उभा होता, पण त्याला मी इतिवृत्तात धरलेलं नाही. ज्यांच्या भरवशावर हे अकरा हजार मंजूर झाले त्या बाई मात्र हजर नव्हत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ही चूक माझी.

सभेत मी एवढंच सांगितलं की आमच्या बी विंगला दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी एका छोट्या रस्त्याचा नकाशा केलेला आहे. रस्त्याच्या पृष्ठभागाखाली खाचेत बारीक पोलादी तार, खेळण्यातल्या बसच्या पुढच्या चाकांना जोडलेलं लोहचुंबक, आत बॅटरी. बस तारेच्या मागोमाग आपली आपण वळते. मध्ये बाप्पा बसवला तर बस त्याच्याभोवती फिरत राहील, आणि बाजूला एक छोटा घाट चढून-उतरून येईल.

आमचे अध्यक्ष मूळचे इथले. आमची इमारत ज्या जमिनीवर आहे ती एके काळी त्यांच्या आजोबांची भातशेती होती. ते म्हणाले, "म्हंजे बस बाप्पाला प्रदक्षिना घालनार?"

"हो."

"डायवरशिवाय?"

"हो."

"मंग मंजूर. गेल्या वर्षीचा तो कागदाचा हिमालय परत नको."

मी लिहून घेतलं आणि सभा संपली. जिना चढताना मला पहिल्यांदा वाटलं की बाईंना विचारायला हवं होतं.

बाईंना मी एकोणतीस वर्षं ओळखतो. ठाण्यात एका इंजिनिअरिंग सल्लागारांच्या ऑफिसात मी हिशेबाला लागलो तेव्हा त्या तिथे ट्रेसर होत्या. म्हणजे इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा त्या वर पारदर्शक कागद पसरून शाईनं गिरवायच्या. त्याच्यावरून प्रती निघायच्या आणि त्या प्रतींवरून रस्ते व्हायचे. बाईंच्या टेबलावर शाईच्या बाटल्या, चुकलेली रेघ खरवडायला अर्धं ब्लेड, आणि लाकडी वक्रपट्ट्यांचा एक डबा असायचा. त्या डब्याला साहेबसुद्धा विचारल्याशिवाय हात लावत नसत.

त्या माणसांना नावानं हाक मारत नसत, खात्यानं मारत. मी 'अकाउंट्स', शिपाई 'टपाल', मोठे साहेब 'मंजुरी'. मोठ्या साहेबांना हे कधी कळलं नाही. मला त्या आजही 'अहो अकाउंट्स' म्हणतात. एकदा भाजी घेताना त्यांनी मला अशी हाक मारली तेव्हा भाजीवाल्यानं मला आपल्या उधारीची वही दाखवली होती.

त्यांचे रुमाल जगावेगळे होते. जुने नकाशे कागदावर नव्हे तर कांजी केलेल्या तलम कापडावर गिरवलेले असत. रद्दीत निघालेले असे नकाशे बाई घरी न्यायच्या, कांजी धुऊन काढायच्या आणि त्यांचे रुमाल शिवायच्या. नीट पाहिलं तर रुमालावर फिकट रेघा दिसायच्या. "हा कसला, बाई?" असं विचारलं की म्हणायच्या, "पुलाचा. नाक पुसायला बरा. गटाराचे मी वापरत नाही."

दिवाळीत त्यांच्याकडून चकल्या यायच्या, त्या तोंडी सूचनेसह. "बाहेरून आत खायची. आतून बाहेर खाल्लीत तर वळण कळत नाही." माझी बायको हे ऐकून दरवर्षी त्यांच्यासमोर बरोबर मधून मोडून चकली खायची, आणि बाई दरवर्षी तोंड फिरवायच्या. दोघींचं अतिशय चांगलं जमतं.

पर्समध्ये त्यांच्याकडे नेहमी खडू असे. एकदा नवरात्राच्या आधी आम्ही काही जण ऑफिस सुटल्यावर टेंभी नाक्यावरून चाललो होतो. मांडवाचे बांबू भरलेला एक लांबलचक ट्रक वळत होता. बाई थांबल्या. ट्रक गेल्यावर रस्त्यात वाकून त्यांनी मागचं चाक जिथून गेलं तिथे खडूनं रेघ मारली, मग पुढचं चाक गेलं होतं तिथे दुसरी, आणि दोन्हींमधलं अंतर पावलांनी मोजू लागल्या. ट्रॅफिक हवालदार धावत आला.

"मावशी, काय हरवलं?"

"मागचं चाक," बाई म्हणाल्या. "सापडलं. साडेतीन फूट आत होतं."

मागच्या चाकावर त्यांचा फार जीव. "पुढचं चाक शहाणं असतं," त्या सांगायच्या. "त्याला रस्ता दिसतो. मागचं नुसतं ओढलं जातं, आणि ओढलं जाणारं नेहमी आतून जातं. नकाशा मागच्यासाठी काढायचा." दुसरं त्यांचं म्हणणं असं, की सरळ रस्त्याला एकदम गोल करू नये. आधी हळूच कल द्यायचा, मग थोडा जास्त, मग पूर्ण वळण. आणि सोडतानाही तसंच हळूहळू सोडायचं. याला रीतसर नाव आहे, सूत्र आहे, पण त्या म्हणायच्या, "सांगून वळवायचं."

हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेकडो वळणं गिरवून हाताला कळलं होतं. आणि त्यातूनच ती भिंतीची गोष्ट घडली. मी नोकरीला लागण्याआधीची ती गोष्ट. मला टपालानं सांगितली आणि नंतर एकदा बाईंनी स्वतः.

एका कारखान्याच्या आवारातल्या रस्त्याचा नकाशा गिरवताना बाईंना फाटकाजवळचं वळण आखूड वाटलं. त्या पेन्सिलीचा नकाशा घेऊन इंजिनिअरकडे गेल्या. तो म्हणाला, "बाई, तुम्ही गिरवा. विचार करायला आम्ही आहोत." बाई परत आल्या आणि त्यांनी गिरवलं. रस्ता झाला. पहिलाच लांब ट्रेलर आत वळला आणि त्याचं मागचं चाक गटारावर चढलं. शेवटी बारा फूट भिंत आणि वॉचमनची केबिन पाडावी लागली. कुणाला इजा झाली नाही. ऑफिसात सगळे त्या इंजिनिअरला हसत होते, बाई सोडून.

"तुमची काय चूक त्यात?" मी त्यांना विचारलं होतं.

"शाई माझ्या हातची होती, अकाउंट्स. मला दिसत होतं आणि मी चांगल्या अक्षरात चुकीचं लिहिलं."

मग कॉम्प्युटर आले. ट्रेसरची गरज संपली. बाई रेकॉर्ड रूममध्ये नकाशांच्या भेंडोळ्यांना नंबर घालत बसल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. आपल्या विचारानं एकही वळण न काढता. त्याच सुमारास त्यांच्या जेवणाच्या टेबलावर तो छोटा रस्ता सुरू झाला. त्यांनी छोट्या रस्त्यांवर चालणाऱ्या बसबद्दल कुठेतरी वाचलं, आणि कागदावर आखायला घेतलं. बारा-तेरा वर्षं झाली. मी मोजली नाहीत, पण त्यांच्या कपाटावर चाळीस तरी भेंडोळी असतील. प्रत्येकात तोच रस्ता, वळणं थोडी वेगळी. टेबल फक्त सहा बाय तीन फुटांचं असल्यामुळे बाई जेवायच्या हातात ताटली घेऊन.

पण तार त्यांनी कधीच घातली नाही. लाकडाला खाच कधीच पाडली नाही. विचारलं की कारण तयार असायचं. हवा दमट आहे, कागद फुगलाय. प्लायवूड चांगलं मिळत नाही. अजून एक वळण बघायचंय. मी हिशेबाचा माणूस आहे. एकाच गोष्टीला तेरा वर्षांत तेरा कारणं आली की कारण वेगळंच असतं हे मला कळतं. कागदावरचं वळण चुकत नाही, कारण त्याच्यावरून कुणी जात नाही.

त्या रविवारी मी दार वाजवलं आणि सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या तर त्या आवाज चढवत नाहीत, उलट हळू बोलतात.

"अहो अकाउंट्स, दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढताना सही लागते ना?"

"लागते."

"मग?"

दार बंद झालं. तीन दिवस बाई जिन्यात भेटल्या तरी बोलल्या नाहीत. बायको म्हणाली, "बरं केलंत. तेरा वर्षांत कुणी केलं नव्हतं. पण विचारलं असतंत तर अजून तेरा वर्षं गेली असती." हे तिनं माझी बाजू घेऊन म्हटलं की टोमणा मारला हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आमच्या दाराखालून एक चिठ्ठी आत आली. अक्षर छापल्यासारखं. तीनच ओळी :

फळी किती?
चौरंग किती?
बस कोणती?

फळी आठ बाय चार फूट. चौरंग दीड फूट चौरस. बस मी ऑनलाइन मागवली, चौदा सेंटीमीटर लांबीची. तिन्ही उत्तरं घेऊन गेलो तर बाईंनी दार उघडंच ठेवलं होतं आणि टेबलावरचे सगळे जुने कागद गुंडाळून झाले होते.

पुढचे चार आठवडे मी रोज संध्याकाळी अर्धा तास आणि शनिवार-रविवारी दुपारी त्यांच्याकडे असायचो. काम बघण्यासारखं होतं. आधी त्यांनी बसच्या मापाची पुठ्ठ्याची एक पट्टी कापली. पुढच्या चाकांच्या जागी एक टाचणी, मागच्या चाकांच्या जागी दुसरी. कागदावर वळण काढायचं, पुढची टाचणी रेघेवरून एकेक सेंटीमीटर सरकवायची, आणि मागची जिथे येईल तिथे टोचायचं. मग टोचलेल्या ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवायची. दोन रेघा मिळतात : शहाण्या चाकाची आणि ओढल्या जाणाऱ्या चाकाची. ठिपके मोजून वहीत लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. घाटातल्या दोन वळणांचे मिळून चारशे अठरा ठिपके झाले.

चौदा सेंटीमीटरच्या बसला सोळाची त्रिज्या पुरत होती. बाईंनी नकाशा पूर्ण केला, तारीख घातली, आणि चतुर्थीला अकरा दिवस असताना आमच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये टेबलं जोडून त्यावर फळी ठेवली गेली. सुतारानं घाटाचं पहिलं वळण कोरलं. बाई खांबाला हात लावून उभ्या होत्या. भुसा उडायला लागला तसं त्यांनी डोळे मिटले. सुतार म्हणाला, "काकी, तुमच्याच रेघेवर चालतोय, घाबरू नका."

"त्याचीच भीती आहे," बाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी ए चारशेदोनमधले काका एक खोका घेऊन आले. त्यांच्या मुलीनं जर्मनीहून पाठवलेली बस. लाल रंगाची, आत दिवे, दारं उघडणारी, आणि खाली तसंच लोहचुंबक. लांबी एकोणीस सेंटीमीटर. गणपतीसाठी देणगी. अध्यक्षांनी ती डोक्यावर उचलून सगळ्यांना दाखवली, टाळ्या झाल्या, आणि बाई जिना उतरून खाली येईपर्यंत देणगीदारांच्या फलकावर काकांच्या मुलीचं नाव रंगवून झालंसुद्धा होतं.

आता हे आमच्याकडेच होऊ शकतं. रस्ता एका बससाठी आखायचा आणि बस दुसरी आणायची. आणि देवाच्या नावानं आलेली देणगी, तीही फलकावर चढलेली, परत करायची नाही. बाईंनी पर्समधून मोजपट्टी काढली, बस मोजली, आणि ती त्या कोरलेल्या वळणावर हातानं धरून फिरवली. पुढची चाकं अर्ध्यातच पूर्ण वळून अडली. चुंबक तारेच्या जागेवरून बाहेर गेलं.

"हिला चोवीस लागेल," त्या म्हणाल्या. "सोळावर ही सरळ जाऊन खाली पडेल."

सेक्रेटरी म्हणाले, "मग असं करू ना, मोठी बस नुसती उभी ठेवू. शोला. आणि लहान बस फिरवू."

"माझ्या मुलीची बस उभी?" काका म्हणाले. "अहो, ती तिकडून व्हिडिओ कॉलवर बघणार आहे!"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "ह्ये बगा. चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी, पाच वाजता, मोठी बस न थांबता धा फेऱ्या मारनार. मारल्या तर बाप्पासमोर. नाय मारल्या तर हिमालय आनू. माळ्यावर हायेच."

म्हणजे सगळं त्या शनिवारावर आलं. आणि एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा कोरलेलं वळण चुकीचं ठरलं होतं, बाईंच्या काहीही चुकीशिवाय. मला वाटलं, आता त्या वर जातील आणि दार लावून घेतील. त्या वर गेल्या खऱ्या. पंधरा मिनिटांनी पुट्टीचा डबा आणि पातं घेऊन खाली आल्या आणि ती खाच स्वतः बुजवायला लागल्या.

"मागच्या चाकाचा आकडा नवा काढावा लागेल, अकाउंट्स," त्या म्हणाल्या. "वही आहे ना?"

नवीन ठिपके पाचशेसहा झाले. वळणं बसली, पण फळीवर नाही. चौरंगाच्या उजवीकडे घाटाला अकरा सेंटीमीटर कमी पडत होते. बाईंनी उतार बदलून बघितला, रस्त्याची रुंदी कमी करून बघितली. अकराच्या खाली ते येईना. शेवटी अध्यक्षांना बोलावलं.

"चौरंग अकरा सेंटीमीटर डावीकडे घ्यावा लागेल," बाई म्हणाल्या.

"बाप्पा सरकवायचा?" अध्यक्षांचा आवाज पार्किंगभर घुमला. "बाई, बाप्पा हाय तो, कपाट नाय. बाप्पा मदीच बसनार. वरती बीमला हूक हाय, त्याच्याखालीच. वीस वर्सं तितंच बसतो."

"म्हणजे पार्किंगच्या मध्यावर बसायला हवा?"

"व्हय."

"फळीच्या मध्यावर नको?"

अध्यक्षांनी वर हुकाकडे पाहिलं. "फळीचा काय संबंध?"

"मग बाप्पांना तिथेच राहू दे," बाई म्हणाल्या. "आपण जग थोडं सरकवू."

फळी अकरा सेंटीमीटर उजवीकडे गेली. सेक्रेटरींनी हरकत घेतली की त्यामुळे मीटर रूमचं दार पूर्ण उघडत नाही. मी मोजलं; बावन्न सेंटीमीटर उघडत होतं. वायरमन सडपातळ आहे. त्याला बोलावून आत जाऊन यायला सांगितलं, तो तिरका न होता गेला आणि आला. हरकत निकाली निघाली. तसं इतिवृत्तात लिहिलं आहे.

तार घातली, खाच भरली, वर राखाडी रंग दिला, पांढरे पट्टे ओढले. पट्टे बाईंनी जुन्या शाईच्या पेनानं ओढले आणि ते इतके सारखे आले की सुतारानं विचारलं, "स्टिकर कुठनं आणला?" घाटाचा डोंगर मंडळाच्या दोन सजावटवाल्यांनी प्लास्टरचा केला, शुक्रवारी.

शनिवारी पाच वाजता पार्किंगमध्ये साठेक माणसं होती. काकांच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये मुलगी. मूर्ती अजून आलेली नव्हती. रिकाम्या चौरंगावर अध्यक्षांनी एक नारळ ठेवला होता. बाईंनी बस रस्त्यावर ठेवली, बटण दाबलं आणि दोन पावलं मागे झाल्या.

बस निघाली. चौरंगामागून गेली, उजवीकडे आली, घाटाच्या पहिल्या वळणात शिरली आणि हळू, सांगून वळवल्यासारखी वळून बाहेर पडली. दुसऱ्या वळणाच्या मध्यावर खर्र आवाज झाला आणि ती थांबली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली.

मोबाइलमधून मुलीचा आवाज आला, "बाबा, फ्रीझ झालंय का?"

बाईंचा चेहरा मी पाहिला. त्या बसकडे बघतच नव्हत्या, जमिनीकडे बघत होत्या. "वळण चुकलं," त्या मला म्हणाल्या. "दुसऱ्या वळणाचा आकडा मी चुकले. आणवा तो हिमालय."

मी काही इंजिनिअर नाही. पण त्या पाचशेसहा ठिपक्यांतला प्रत्येक मी लिहिलेला होता, आणि माझ्या वहीत चूक नसते. मी वही उघडली, मोजपट्टी घेतली आणि बस अडली होती तिथे वाकलो. रस्त्याच्या मध्यापासून डोंगराच्या भिंतीपर्यंत वहीप्रमाणे पाच सेंटीमीटर हवे होते. भरले चार.

"बाई, भिंत एक सेंटीमीटर आत आहे."

"परत मोजा."

परत मोजलं. चार.

"दुसरीकडून मोजा."

"चारच आहेत हो, बाई! कितीदा मोजू? तुमचं मागचं चाक तुम्ही म्हणालात तिथूनच चाललंय, हे बघा, वहीतल्या ठिपक्याप्रमाणे. प्लास्टर आत आलंय. वळण बरोबर आहे."

बाई पुढे आल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी स्वतः मोजलं. मग त्यांनी सुताराकडे हात केला. "पटाशी द्या."

"काकी, मी तोडतो ना."

"द्या."

त्यांनी पटाशी लावली आणि हातोडीचे तीन ठोके दिले. प्लास्टरचा डोंगर हातभर लांबीत निघून आला, आतली जाळी दिसायला लागली. सजावटवाला "अहो, अहो!" म्हणत पुढे आला तर अध्यक्षांनी त्याला दंडाला धरून मागे घेतलं. "तोरू दे. उद्या हिरवा कागद लाव वरती."

बाईंनी रस्त्यावरचा चुरा त्यांच्या रुमालानं पुसला आणि बस पुन्हा सुरुवातीला ठेवली.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसरीपासून अध्यक्ष मोठ्यानं मोजायला लागले आणि सहावीपासून सगळेच. दहाव्या फेरीला टाळ्या पडल्या तेव्हा बस घाटात होती. अकराव्या फेरीला अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमची गारी आता थांबत नाय वाटतं." कुणी बटण बंदच केलं नव्हतं. बाई वाकून मागच्या चाकाकडे बघत होत्या आणि फळीच्या कडेनं बसबरोबर चालत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या बाई चार फेऱ्या तशा वाकून चालल्या. बायकोनं शेवटी त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

गणपतीचे पाच दिवस बस चालली. एकदाच थांबली, दूर्वांची एक काडी रस्त्यावर पडली म्हणून. शेजारच्या सोसायट्यांतली माणसं आली, डोंबिवलीहून बाईंची एक मावसबहीण आली आणि तिनं विचारलं, "हे तू केलंस? मला वाटलं तू नुसते नकाशे काढतेस." बाई म्हणाल्या, "नकाशाच केला. बस आपली आपण चालते."

चौथ्या दिवशी टिटवाळ्याहून एक गृहस्थ आले, सी विंगमध्ये त्यांचे साडू राहतात म्हणून. त्यांची मोटार ड्रायव्हिंग शिकवण्याची शाळा आहे. दर्शन घेऊन ते घाटाशी पाऊण तास उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, हे कुणाचं काम? मी बाईंकडे बोट दाखवलं.

"मॅडम, मी चौदा वर्षं पोरांना शिकवतोय," ते म्हणाले. "ट्रकवर हात बसवायला येतात. मागचा टायर आतून जातो हे त्यांच्या डोक्यातच शिरत नाही. फळ्यावर काढून दाखवतो, हो हो म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी फुटपाथवर चढवतात. असं टेबल माझ्या वर्गात पाहिजे. तीन वळणं. कराल?"

"मी नुसतं वळण आखून देईन," बाई म्हणाल्या. "कोरायला सुतार तुमचा."

"चालेल. काय घ्याल?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. आयुष्यभर महिन्याच्या शेवटी पाकीट मिळत आलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. मी मनात तास मांडले आणि सहा हजार म्हणालो. बाई म्हणाल्या, "काहीतरीच! हजार खूप झाले." माझी बायको मागून म्हणाली, "पाच सांगा, बाई. भाव ते करतीलच." ड्रायव्हिंगवाले हसले आणि म्हणाले, "वहिनी, चार करा." बाईंनी त्यांना कोणत्या लांबीची गाडी, टेबल केवढं, वर्गात माणसं कुठल्या बाजूला बसतात हे सगळं विचारलं आणि मग म्हणाल्या, "तीन वळणांचे तीन हजार. चौथं वळण हवं असेल तर चार."

नकाशा व्हायला सोळा दिवस लागले. ठिपके या खेपेला मी लिहिले नाहीत. बाईंनी नवी वही आणली होती. पुढच्या रविवारी सकाळी ते गृहस्थ टिटवाळ्याहून आले, बाईंच्या घरी. हजर चार जण : ते, बाई, मी आणि माझी बायको. नकाशा टेबलावर उलगडला. त्यांनी बोटानं पहिलं वळण गिरवून बघितलं, मग मागच्या चाकाची ठिपक्यांची रेघ, आणि म्हणाले, "हे तर मला पण आज कळलं."

बाईंकडे पावतीपुस्तक नव्हतं. मी माझ्याकडचा एक कोरा कागद काढला, तारीख घातली, रक्कम अक्षरी आणि अंकी लिहिली, आणि 'कशाबद्दल' लिहून थांबलो. बाईंनी पेन माझ्या हातातून घेतलं. त्यांनी लिहिलं, 'तीन वळणांचा विचार करण्याबद्दल', आणि खाली सही केली.

दिले : रुपये तीन हजार फक्त, रोख. कोणाला : बाईंना.